भोपळा, पांगारा आणि जाड माणसाची फळी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि विषय असा आहे की बुलढाण्याच्या माणसानं यावर का लिहावं असं कुणालाही वाटेल. वजनदार माणसानं आणि नवशिक्यानं पाण्यावर उभं राहायला कोणती फळी घ्यावी, हा तो विषय. आमचा एक मावसभाऊ अमेरिकेत मिनेसोटात असतो. तिथं तळ्यांना तोटा नाही. मित्राच्या बोटीमागं मुलं खेळतात, आता यालाही खेळायचंय. वजन ११० किलो. दुकानात फळ्या बघून आला आणि मला विचारतो, "दादा, मुलांना चालेल आणि मलाही झेपेल अशी एकच घ्यायची तर कोणती?" मला का विचारलं, तर मी रिकामपणी असल्या गोष्टींचा इतिहास वाचत बसतो हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याला फोनवर दोन वाक्यांत उत्तर दिलं. पण उत्तराच्या मागचा इतिहास दोन वाक्यांत मावण्यासारखा नव्हता, म्हणून हा लेख. तो आमच्याकडच्या विहिरीपासून सुरू होतो.

आधी हा खेळ काय ते सांगतो, कारण नात्यातली बरीच मंडळी हे वाचतात. याला वेकसर्फिंग म्हणतात. मोटरबोट पुढं जाते तसं मागं पाणी दुभंगून लाट उठते, ती 'वेक'. सुरुवातीला दोरी धरून फळीवर उभं राहायचं. लाट नीट सापडली की दोरी सोडून द्यायची आणि बोटीच्या मागं थोड्या अंतरावर, लाटेच्या उतारावरून घसरत राहायचं. लाट पुढं सरकत असते, त्यामुळे उतार संपतच नाही. समुद्रावरची लाट काही सेकंदांत किनाऱ्याला फुटते. बोटीची लाट मात्र डिझेल-पेट्रोल आहे तोवर टिकते.

आता विहीर.

आमचा जिल्हा पाण्याचा नाही. पूर्णा नावाच्या दोन नद्या आहेत. एक उत्तरेकडून तापीला जाते. दुसरी, जिला आम्ही खडकपूर्णा म्हणतो, ती दक्षिणेकडून गोदावरीच्या खोऱ्यात. पैनगंगा तर आमच्याच डोंगरात उगम पावते. पण बाराही महिने पोहता येईल इतकं पाणी यातल्या कुठल्याच नदीत पूर्वी राहत नसे. म्हणून पोहणं शिकायचं ते विहिरीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत. काळ्या दगडातली खोल विहीर, पायठण्या उतरून जायचं, आणि पाठीला काहीतरी बांधून आत पडायचं. ते 'काहीतरी' म्हणजे वाळलेला भोपळा. आमच्या वऱ्हाडी बोलीत 'ळ' चा 'य' होतो, त्यामुळे जुनी माणसं ओरडायची, "पाठीले भोपया बांध रे, तवाच उडी मार!"

दुधी भोपळा वेलावरच वाळू दिला की आतला गर सुकून जातो, साल लाकडासारखी कडक होते आणि आत उरते ती नुसती हवा. परीक्षेत शून्य मिळालं की आपण 'भोपळा मिळाला' म्हणतो. विहिरीत मात्र त्या भोपळ्याच्या आतलं शून्यच कामाला येतं. भोपळे मिळाले नाहीत तर तेलाचा रिकामा १५ किलोचा डबा झाळून घ्यायचा. नंतर प्लास्टिकच्या कॅन आल्या, ट्रॅक्टरच्या ट्यूब आल्या. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका बांधायची पद्धत होती. त्या पांगाऱ्याचं नाव लक्षात ठेवा, तो पुढं एका अगदी अनपेक्षित ठिकाणी भेटणार आहे.

दोन-तीन भोपळे किंवा ओंडके एकत्र बांधले की ती 'सांगड'. दोन होड्या एकमेकींना जोडून केलेल्या तराफ्यालाही सांगडच म्हणतात. आज आपण 'कामाची आणि घराची सांगड घालतो', तेव्हा कुणाच्या ध्यानातही नसतं की हा शब्द पाण्यावरचा आहे आणि बुडू नये म्हणून दोन हलक्या वस्तू एकत्र बांधण्यातून आलाय.

आता गंमत बघा. विहिरीत शिकताना जाड माणसाला जास्त भोपळे लागतात का? कुणालाही वाटेल, लागणारच. पण तसं नसतं. माणसाच्या शरीराची घनता जवळजवळ पाण्याइतकीच असते. छाती भरून श्वास घेतला तर बहुतेक माणसं कशीबशी तरंगतात. त्यातही चरबी पाण्यापेक्षा हलकी आणि स्नायू पाण्यापेक्षा जड. त्यामुळे तालमीतला पिळदार गडी दगडासारखा खाली जातो आणि ढेरीवाले काका निवांत तरंगतात! पाण्यात बुडालेल्या शरीराचं वजन पाणीच पेलतं. भोपळ्यानं पेलायचं असतं ते फक्त पाण्याबाहेर राहणारं डोकं. आजच्या लाइफ जॅकेटचा हिशोबही तोच आहे. बहुतेक मोठ्या माणसांना ३ ते ५.५ किलोचा जादा उठाव पुरतो. म्हणूनच जॅकेट निवडताना वजनापेक्षा छातीचा घेर जास्त महत्त्वाचा असतो.

एक लिटर पाणी बाजूला सारलं की एक किलोचा उठाव मिळतो. आर्किमिडीजचा नियम एवढाच लक्षात ठेवला तरी हा सगळा लेख समजेल. ५ लिटरची बंद कॅन म्हणजे जवळजवळ ५ किलोचा उठाव. एका माणसाला तेवढा बास. तेलाचा डबा साधारण साडेसोळा लिटरचा. म्हणजे एका शिकाऊ पोराला तो गरजेच्या तिप्पट. आमच्या जुन्या माणसांनी हे गणित कधी मांडलं नव्हतं, पण पिढ्यान्‌पिढ्या बरोबर सोडवलं होतं.

पण ही पाण्या'त' असण्याची गोष्ट झाली. पाण्या'वर' असण्याचं गणित वेगळं आहे, आणि तिथं वजन अचानक महत्त्वाचं होतं.

याचं एक उदाहरण आमच्या शेजारच्याच मुलखातलं. १८०३ साली दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्लीनं ऑगस्टमध्ये अहमदनगर घेतलं आणि तो गोदावरीकडं निघाला. भर पावसाळ्यातली गोदावरी. पूल नाही, पुरेशा होड्या नाहीत. सैन्य, तोफा, दारूगोळा, धान्य, सगळं पलीकडं न्यायचं. त्यासाठी गोल टोपल्यांच्या होड्या वापरल्या. आत विणलेला सांगाडा आणि बाहेरून बैलाचं कातडं. दक्षिणेकडच्या नद्यांवर अशा होड्या पूर्वीपासून चालतच होत्या. त्यानं त्या सैन्याच्या कामाला लावल्या. नदी ओलांडली, आणि पुढं २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. हे असई जालना जिल्ह्यात, आमच्या जिल्ह्याच्या शिवेपासून फार लांब नाही.

टोपलीत बसवलेली तोफ पाण्यात तरंगत नसते. तिचं सगळं वजन होडीनं पेलायचं असतं. तिथं 'डोक्यापुरता भोपळा' चालत नाही. जितकं ओझं, तितक्या लिटरची पोकळी हवी. माणूस पाण्यातून उठून पाण्यावर उभा राहिला की त्याचीही तोफच होते. ११० किलोचा माणूस विहिरीत ५ लिटरच्या कॅनवर तरतो, पण एखाद्या ओंडक्यावर थांबलेल्या पाण्यात उभं राहायचं म्हटलं तर ११० लिटरच्या वर उठाव लागतो.

हे सगळ्यात आधी आणि सगळ्यात नीट कुणाला कळलं असेल, तर ते प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या लोकांना. म्हणून आता हवाईला जाऊ.

कॅप्टन कुकची जहाजं १७७८ साली हवाई बेटांना लागली. दुसऱ्या वर्षी कुक तिथंच मारला गेला आणि त्याच्या रोजनिशीचं काम लेफ्टनंट जेम्स किंगनं पुढं नेलं. लोक लांबट फळ्यांवर लाटा झेलत किनाऱ्याकडं येतात, याचं किंगनं केलेलं वर्णन सर्फिंगच्या सुरुवातीच्या लेखी नोंदींपैकी एक आहे. त्या काळी तिथं फळ्यांचे वेगवेगळे प्रकार होते. 'अलाया' नावाची फळी पातळ आणि त्या मानानं आखूड, ती साधी माणसंही वापरत. 'ओलो' ही खूप लांब आणि जाड, आणि ती सरदार घराण्यातल्या लोकांची. ओलोसाठी नावाजलेलं लाकूड होतं 'विलिविली'. अतिशय हलकं. त्याच लाकडाचे होडीच्या बाजूला बांधायचे तरंगते दांडे आणि जाळ्यांचे तरंगही करत.

आणि हे विलिविली म्हणजे कोण? पांगाऱ्याचं भावंड! शास्त्रीय नावात दोघांचा पहिला शब्द एकच आहे, एरिथ्रिना. तशीच फुलं, तसंच हलकं लाकूड. आपल्याकडं पोराच्या पाठीला बांधायला जे झाड निवडलं, त्याच घराण्यातलं झाड दोन-अडीच खंड पलीकडं सरदाराच्या पायाखाली गेलं. कुणी कुणाकडून शिकलं नसणार. ज्याला पाण्याचं भय आहे आणि हाताशी कोयता आहे, तो माणूस हलकं लाकूड शोधून काढतोच.

त्या सरदारांपैकी एक ॲबनर पाकी. १८५५ साली वारला. हा माणूस सव्वासहा फुटांच्या आसपास उंच आणि वजनानं ३०० पौंड, म्हणजे १३५ किलोच्या घरात होता असं सांगतात. आणि तो नावाजलेला सर्फर होता. त्याच्या मुलीच्या, राजकन्या बर्निस पाऊआही बिशपच्या स्मरणार्थ तिच्या नवऱ्यानं १८८९ मध्ये होनोलुलूत बिशप म्युझियम सुरू केलं. पाकीच्या फळ्या त्याच संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. लांबी १५ फुटांच्या आसपास. एकट्यानं उचलून समुद्रापर्यंत न्यायचं म्हटलं तरी दम लागेल असं ते धूड.

मावसभावाला मी पाकीची गोष्ट सांगितली ती याचसाठी. दुकानात लांब-रुंद फळीवर 'नवशिक्यांसाठी' अशी चिठ्ठी लावलेली असते, आणि जाड माणूस ती घेताना उगाच ओशाळतो. जणू दोन दोष एकदम कबूल केले! पण सर्फिंगच्या मूळ गावी सगळ्यात मोठी फळी ही मानाची होती. पाकी नवशिका नव्हता. तो जड होता, आणि त्याची फळी त्याच्या मापाची होती. बस.

पुढची गोष्ट १९२६ ची. टॉम ब्लेक नावाचा अमेरिकन पोहणारा त्या संग्रहालयातल्या जुन्या फळ्या दुरुस्त करत होता. त्यानं ओलोसारखी लांब फळी करायची ठरवली, पण ती इतकी जड कशाला, म्हणून लाकडाला आरपार शेकडो भोकं पाडली आणि वरखालून पातळ लाकूड लावून ती बंद केली. आत पोकळी, बाहेर साल. म्हणजे काय झालं? भोपळाच की! १९३२ साली त्याला पोकळ फळीचं पेटंट मिळालं. १९३५ मध्ये त्यानं फळीच्या खाली शेपटाकडं एक पंख बसवला, त्यामुळे फळी सरळ जायला लागली. आधी ती शेपटाकडून घसरून आडवी व्हायची. मग बाल्सा लाकूड आलं आणि १९५८ च्या सुमाराला कॅलिफोर्नियात हॉबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क या जोडीनं पॉलियुरेथेन फोमच्या फळ्या रूढ केल्या. क्लार्कचा फोमचा कारखाना इतका मोठा झाला की ५ डिसेंबर २००५ ला त्यानं तो अचानक बंद केला तेव्हा अमेरिकेतले फळी बनवणारे हवालदिल झाले. त्यानंतर दुसऱ्या एका फोमचा वापर वाढला. फुगवलेलं पॉलिस्टायरीन, वरून फायबरग्लास आणि इपॉक्सीचा थर. आजच्या कित्येक वेकसर्फ फळ्यांच्या पोटात हेच असतं. आपण त्याला थर्माकोल म्हणतो. तेही ध्यानात ठेवा.

आता समुद्र सोडून तळ्याकडं. बोटीमागं दोन पायांना दोन फळ्या बांधून पाण्यावर उभं राहायची युक्ती पहिल्यांदा जमवली ती राल्फ सॅम्युएलसन या पोरानं, तीही मिनेसोटातच! वर्ष १९२२, ठिकाण पेपिन तळं. त्यानं आधी पिंपाच्या फळ्या पायाला बांधून बघितल्या. बुडाला. मग बर्फावरच्या स्की बांधल्या. पुन्हा बुडाला. शेवटी पाइनच्या दोन फळ्या आणल्या, ८ फूट लांब आणि ९ इंच रुंद. उकळत्या पाण्यात टोकं मऊ करून वर वळवली आणि २ जुलैला तो पाण्यावर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याचा एकोणिसावा वाढदिवस होता. हेच वॉटर स्कीइंग. आमच्या भावाचा प्रश्न त्याच राज्यात शंभर वर्षांपूर्वी एका पोरानं सोडवून ठेवलाय: उठत नसशील तर आधी फळी रुंद कर.

रुंद का, नुसती जाड का नाही? कारण वेगात असलेली फळी फक्त तरंगत नसते. आजची वेकसर्फ फळी साधारण ४ ते साडेपाच फूट लांब आणि वीसेक इंच रुंद असते. तिचं घनफळ फार तर ३०-४० लिटर. थांबलेल्या पाण्यात त्यावर ११० किलोचा माणूस उभा राहिला तर फळी पाण्याखाली दबेल. पण बोट ताशी १६ ते १९ किलोमीटरच्या वेगानं चाललेली असते. पाणी फळीच्या तळाला आपटतं आणि तिला वर ढकलतं. नदीत चपटा दगड तिरपा फेकला की टप्पे खात जातो, तसंच. ही ढकल दोन गोष्टींवर ठरते, वेग आणि फळीचं क्षेत्रफळ. वॉटर स्कीत वेग वाढवता येतो. वेकसर्फमध्ये येत नाही, कारण वेग वाढवला की लाटच बिघडते. मग उरतं क्षेत्रफळ. जड माणसानं छोटी फळी घेतली तर ती मागून खाली दबते, नाक वर येतं, पाणी अडतं आणि माणूस हळूहळू लाटेच्या मागं पडतो. त्याला वाटतं आपल्याला जमत नाही. खरं तर फळीला जमत नसतं.

आता जे फोनवर दोन वाक्यांत सांगितलं ते जरा सविस्तर, घरातल्या सगळ्यांसाठी.

पहिलं, वजन बघा, उंची नाही. कंपन्यांच्या तक्त्यांत वजनाचे पल्ले दिलेले असतात. साधारण ९० किलोच्या वर गेलं की ५ फूट किंवा त्याहून लांब फळी. शिकाऊ असाल तर तक्त्यात जे माप येईल त्याच्या पुढचं घ्या, मागचं नाही.

दुसरं, आकार. समोरून रुंद नाक, मागं निमुळतं नाही तर रुंद, बोथट शेपूट. तळाचा बाक कमी. फार बाकदार फळी पाणी ढकलत बसते आणि वेग खाते, जड माणसाला ते परवडत नाही. खाली दोन-तीन मोठे पंख असलेली फळी सरळ चालते. पातळ, लहान पंखांची, गोल फिरवायची फळी मुलांना दुकानात आवडेल. ती दोन उन्हाळ्यांनंतर.

तिसरं, एकच फळी घ्यायची तर घरातल्या सगळ्यात जड माणसाच्या मापाची. हलक्या मुलाला मोठी फळी मिळाली तर तिला वळवायला जरा जड जाईल, इतकंच. जड माणसाला छोटी मिळाली तर तो उठणारच नाही. एका बाजूला थोडी गैरसोय, दुसऱ्या बाजूला सगळा दिवस बुडणं. यात निवडायला फार विचार लागत नाही.

चौथं, उठताना घाई नको. पाण्यात पाठीवर पडायचं, टाचा फळीवर, गुडघे छातीशी. बोटीला ओढू द्यायचं. आपण दोरी खेचून उभं राहायला गेलो की गेलोच.

पाचवं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. ज्या बोटीचा पंखा मागं उघडा असतो, म्हणजे बाहेर लटकलेल्या इंजिनाची बोट, तिच्या मागं हा खेळ खेळायचाच नाही. इथं माणूस बोटीच्या अगदी जवळ असतो, पडला तर पंख्याजवळच पडायची भीती. पंखा बोटीच्या बुडाखाली आत असलेली बोटच हवी. इंजिनाचा धूर मागं साचतो, त्यामुळे मुलांना बोटीच्या मागच्या कडेला बसू द्यायचं नाही. अंगात जॅकेट नेहमी. फळी वजनानं, जॅकेट छातीनं. एवढं पाठ केलं तरी पुरे.

एक गंमत राहिली. लाट मोठी व्हावी म्हणून या बोटींत टाक्या असतात. त्यात तळ्याचं पाणी शेकड्यांनी किलो भरतात, बोट खोल बसते आणि लाट उंच उठते. पाणी कमी पडलं तर ज्या बाजूची लाट हवी तिकडं माणसं बसवतात. तर आमचे मावसभाऊ फळीवर नसतील तेव्हा बोटीत सगळ्यांत मागणी त्यांनाच असणार :-)

असो. आता जे मनात आहे ते लिहितो.

आमच्याकडं धरणं झाली. नळगंगा झालं, येळगाव झालं, खडकपूर्णा झालं. पूर्वी ज्या जिल्ह्यात पोहायला विहीर शोधावी लागे, तिथं आता मैलमैल पाणी पसरलंय. आणि पोहणं मात्र कमी झालं. विहिरींवर मोटारी आल्या, पाणी खोल गेलं, पायठण्या मोडल्या, भोपळे कुणी वाळवत नाही. पोळ्याला बैल धुवायला गेलेला, विसर्जनाला पाण्यात उतरलेला कुणीतरी बुडाल्याची बातमी दर वर्षी कुठून ना कुठून येतेच. त्यात बऱ्याचदा धडधाकट, मोठी माणसं असतात. लहानपणी शिकायचं राहून गेलं आणि मोठेपणी पाठीला डबा बांधायची लाज वाटली. चाळिशीतल्या, पोट सुटलेल्या माणसानं पोरांच्या देखत कॅन बांधून पाण्यात उतरायचं म्हणजे हसं होणार, ही ती लाज. दुकानातली 'नवशिक्यांची' फळी घेताना भाऊ ओशाळतो तीच ही. तिथं ओशाळलं तर फार तर एक उन्हाळा वाया जातो. इथं जीव जातो.

आणि थर्माकोल. २०२३ साली औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या भिव धानोऱ्याच्या मुलांची बातमी आली होती. जायकवाडीच्या फुगवट्याचं पाणी गावाच्या वाटेत पसरलेलं, त्यामुळे शाळेत जायला ही मुलं थर्माकोलच्या तुकड्यावर बसून, हातानं पाणी मारत जात. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून त्याची दखल घेतली. मी तेव्हा सवयीनं हिशोब करून बघितला होता. ४ फूट लांब, ३ फूट रुंद आणि ४ इंच जाड तुकडा धरला तर घनफळ सुमारे ११३ लिटर. दप्तरासकट ३५ किलोचं पोर तो सहज पेलेल. म्हणजे तरंगायला तो पुरतो. पण त्याला पंख नाही, वर फायबरग्लासचा थर नाही, कड धरायला जागा नाही. पोर एका बाजूला कललं की उलटणार, आणि मधोमध भेग पडली की दोन तुकडे होणार. अंगात जॅकेट नाही, पाठीला भोपळासुद्धा नाही.

मिनेसोटातल्या फळीच्या पोटातलं थर्माकोल आणि जायकवाडीतल्या पोराखालचं थर्माकोल, दोन्ही एकच. एकीकडं वजनाचे तक्ते आहेत, मापं आहेत, निवडायला दुकान आहे. दुसरीकडं हाताला लागलं ते. आमच्या आज्यांच्या काळात निदान भोपळा तरी निवडून ठेवलेला असायचा. हा पोराचा, हा थोराचा, याला चीर गेलीये हा नको, असं बघून बांधायचे.

म्हणून भावाला सांगितलं, मोठी फळी घे, लाजू नकोस. आणि इथल्या मंडळींनाही तेच सांगतोय. ज्यांचं पोहणं राहून गेलंय त्यांनी या उन्हाळ्यात शिकून घ्या. ५ लिटरची कॅन घट्ट झाकण लावून पाठीला बांधा, पोहता येणारं माणूस सोबत ठेवा आणि उतरा. हसणारे हसतील. त्यांच्यातल्या कितीजणांना पोहता येतं तेही त्या निमित्तानं कळेल. आणि ज्यांच्या घरी परसात जागा आहे त्यांनी दुधीच्या वेलावर एक भोपळा तसाच वाळू द्या. भाजीला बाकीचे आहेतच.